नानांच्या स्मरणार्थ सहा बाकं

नाना रणदिवे गेले तेव्हा त्यांच्या मागे पत्नी, मुलगा, सून, नात आणि अकरा छंद असा परिवार होता. पत्नीचं नि मुलाचं सांत्वन करायला माणसं येऊन गेली. छंदांकडे कोणी बघितलं नाही, आणि घरातली जास्तीत जास्त जागा तर त्यांनीच अडवलेली होती. बदलापूरच्या बेलवलीतल्या स्वानंद सोसायटीचा तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट कागदोपत्री दोन बेडरूमचा, पण त्यातली एक छंदांच्या नावावर. गॅलरीत बोन्साय, दिवाणाखाली काडेपेट्यांच्या छापांचे तेवीस आल्बम, फ्रीजवर होमिओपॅथीच्या बाटल्या, माळ्यावर दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळं, आणि हॉलच्या मागच्या खिडकीशी हार्मोनियम. तिला घरात नुसतं पेटी म्हणत.

माणूस मात्र लाखात एक. दिनानाथ हे नाव फक्त पेन्शनच्या पासबुकावर, बाकी सगळ्या बेलवलीचे ते नानाच. कोणाच्या घरी ताप असो, बारसं असो की नळ गळत असो, नाना पहिले हजर. अडचण एवढीच की येताना ते एखादा छंद बरोबर घेऊन येत. त्यांना नाही म्हणणं कोणाला जमत नसे, त्यामुळे सोसायटीतली निम्मी घड्याळं बंद होती आणि वॉशबेसिनांतून साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या नियमित वाहत होत्या. तळमजल्यावरच्या तेजलकडे त्यांनी दुरुस्त केलेलं एक घड्याळ अजून आहे. ते कितीही वाजले तरी चार टोले देतं, पण काढून टाकायचा तिला धीर होत नाही.

वर्षश्राद्धाला दोन महिने उरले तेव्हा त्यांचा मुलगा सुयोग वही घेऊन आईसमोर बसला. वहीत हॉल होता, केटरर होता, मोठा फोटो होता, शिवाय स्मरणिका होती आणि स्मरणिकेत मान्यवरांचे लेख होते. मालिनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "यातलं काही नको. त्या वळणावर मला बसायला एक बाक कर. आणि त्याचं तोंड ना..."

पुढचं वाक्य राहिलंच. सुयोगच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बोलू नकोस आई, कळलं मला, असं म्हणून त्याने वही मिटली. रडवेल्या मुलापुढे काय बोलणार, म्हणून त्याही गप्प बसल्या. बघा, एक वाक्य पुरं ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण भरून आलेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

ते वळण म्हणजे स्टेशनकडून सोसायटीकडे येताना महिपती भोईरांच्या घरासमोर रस्ता वळतो तिथलं. पूर्वी तिथे विहीर होती. विहीर बुजली आणि तिचा हातभर कठडा तेवढा राहिला. मालिनीबाई रोज संध्याकाळी सहाला दुधाची पिशवी आणायला म्हणून खाली उतरत आणि त्या कठड्यावर तासभर टेकत. हल्ली गुडघे गेले होते. एवढ्या बुटक्या कठड्यावर बसलं की उठायला दोन माणसं लागत. सुयोग कामावरून साडेआठला घरी यायचा, त्यामुळे त्याने हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. पण आईबाबा दोघं तिथे हातात हात घेऊन मावळतीचा उजेड बघत बसायचे, असं एक चित्र त्याने मनाने रंगवलं आणि त्या चित्राला फ्रेमही करून टाकली.

सुयोग आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी होता. अठरा वर्षं त्याने व्हॉल्व्ह, गॅस्केट आणि ड्रम विकत घेतले होते आणि एकाही पुरवठादाराला पहिल्या भेटीत हसू दिलं नव्हतं. तीन कोटेशनं आल्याशिवाय तो घरात गादीसुद्धा येऊ देत नसे. वडिलांच्या आठवणीचं काम आल्यावर तर तो आणखीच सावध झाला. त्याने बाकाचं स्पेसिफिकेशन लिहून काढलं, उंची, रुंदी, पाठीचा कोन, सिमेंटचा ग्रेड, सगळं. बायको कीर्ती ते वाचून म्हणाली की आईंना एकदा विचारून घे. त्यावर सुयोगने तिला समजावलं की ज्याला वापरायचं असतं त्याला तांत्रिक बाबी कळत नाहीत, हा खरेदी खात्याचा पहिला धडा आहे.

मग त्याने एक चूक केली. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं.

पाच मिनिटांत एकोणीस सल्ले आले. लोखंडी घ्या. लोखंडी घेऊ नका, भंगारवाले नेतात. ग्रॅनाइट घ्या. ग्रॅनाइट उन्हात तापतं, आमच्या काकांना अनुभव आहे. सेक्रेटरी अभिजीत बर्वे यांनी तर लेखच लिहिला आणि त्यात नानांना स्वरांचा वटवृक्ष म्हटलं. याच बर्व्यांनी नानांच्या पेटीविरुद्ध सोसायटीकडे तीनदा लेखी तक्रार केली होती, आणि तिसऱ्या तक्रारीत तिला ध्वनिप्रदूषण यंत्र असा शब्द वापरला होता. सुयोगने तो लेख दोनदा वाचला. माणूस गेला की त्याच्या आवाजाचे डेसिबल एकदम खाली येतात, असं त्याच्या मनात आलं, पण त्याने खाली हात जोडल्याचं चिन्हच टाकलं.

तीन कोटेशनांत सगळ्यात स्वस्त उल्हासनगरचं निघालं. कॅम्प पाचच्या मागच्या गल्लीत जेठाशेठचं सिमेंटच्या वस्तूंचं आवार होतं. कुंड्या, जाळ्या, तुळशीवृंदावनं, दोन सिंह आणि त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसलेले जेठाशेठ. सुयोगने त्यांच्यापुढे स्पेसिफिकेशन ठेवलं. त्यांनी ते आदराने चहाच्या ग्लासाखाली ठेवलं आणि सुयोगच्या वडिलांबद्दल विचारपूस सुरू केली. अर्ध्या तासाने सुयोगच्या लक्षात आलं की आपण भाव करायला आलोय आणि नानांच्या लहानपणापर्यंत पोचलोय.

एका बाकाचा भाव ऐकून सुयोगने ठरल्याप्रमाणे उठून जायचं नाटक केलं. जेठाशेठनी त्याला जाऊ दिलं. गेटपाशी पोचल्यावर मागून हाक आली.

"साईं, बाप तुमचा एकच, मान्य आहे. पण माझा साचा सहाचा आहे. एक भरला काय, सहा भरले काय, मिक्सर तेवढाच फिरतो. सहा घ्या, दोनच्या भावात देतो. पिताजींच्या नावाने कमावणार नाही मी."

खरेदी खात्यातल्या माणसाला काही मोह आवरत नाहीत. दोनच्या भावात सहा सोडून येणं सुयोगच्या नोकरीच्या इभ्रतीत बसत नव्हतं. त्याने आणखी ताणून पाठीवरच्या संगमरवरी पाट्या फुकट मिळवल्या, टेम्पोचं भाडं अर्धं करून घेतलं आणि विजयी मुद्रेने घरी आला. कीर्तीने दार उघडल्या उघडल्या विचारलं की आपल्याला किती हवी होती. त्याने तिला प्रति नग दर सांगितला.

आता बाकं सहा, म्हणजे पाट्या सहा, आणि पाट्यांवर मजकूरही सहा. इथून पुढे हे काम सुयोगच्या हातातून जे निसटलं ते निसटलंच. नानांचे अकरा छंद आणि जागा सहाच असल्यामुळे पाच छंद गाळावे लागणार होते आणि प्रत्येक छंदाला कुठून कुठून वारस उगवले. अंबरनाथहून उमाआत्या आली. नानांची धाकटी बहीण, तिथल्या भजनी मंडळाची अध्यक्ष. दादाची पेटी म्हणजे आमच्या घराण्याचा ठेवा, असं म्हणून तिने संगीताचं बाक राखून ठेवलं. नाना हयात असताना भजनाला ते आले की मंडळ पेटी कपाटात कुलूपबंद करून किल्ली हरवल्याचं सांगत असे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे चहा पीत होते. तेजलने घड्याळाचं बाक मागितलं. बर्व्यांनी होमिओपॅथी, ज्योतिष आणि काडेपेटीसंग्रह यांचा एकत्रित मसुदा करून आणला, त्यात व्यासंगी हा शब्द चार वेळा होता. सहावं बाक राहिलं ते वळणावरचं. त्यावर काय लिहायचं यावर बैठक दोन तास चालली. शेवटी बर्व्यांनी सुचवलं की वळणावरून समोर चंदेरीचा डोंगर दिसतो, तेव्हा निसर्गप्रेमी लिहावं. नानांनी एका आंब्याच्या रोपाला वीस वर्षं टीचभर कुंडीत दाबून ठेवलं होतं, यापलीकडे त्यांचा निसर्गाशी संबंध नव्हता. पण सगळे दमले होते, म्हणून ते मंजूर झालं.

या सबंध बैठकीत मालिनीबाई आत भाजी निवडत होत्या. एकदा पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सुयोग, ते तोंड कुठे करणार आहेस? त्याने त्यांना सांगितलं की आई, तू आता कसलीही काळजी करायची नाहीस, सरप्राइज आहे. त्या परत भाजीकडे गेल्या.

रस्त्याच्या कडेला बाक टाकायचं तर ना-हरकत दाखला लागतो, असं बर्व्यांनी सांगितलं. तो ज्या कार्यालयात मिळतो त्याचं नाव इथे घेत नाही, कारण सुयोगचा दुसरा एक कागद अजून तिथे आहे. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, "हे स्मारक आहे की फर्निचर?"

सुयोगला प्रश्नाचं गांभीर्य लगेच कळलं नाही. साहेबांनी न चिडता उलगडून सांगितलं. स्मारक असेल तर समिती नेमावी लागेल, समितीसाठी व्यक्तीचं समाजकार्य लागेल, त्याची कात्रणं लागतील. फर्निचर असेल तर ते काम खरेदी विभागाकडे जाईल. खरेदी विभाग हे शब्द ऐकून सुयोगला घरी आल्यासारखं वाटलं. तो म्हणाला फर्निचर. खरेदी विभागातल्या बाईंनी तीन कोटेशनं मागितली. सुयोगने ती बॅगेतून ऐटीत काढली. बाईंनी ती पाहून परत केली. कोटेशनं सीलबंद पाकिटात हवीत, उघडी चालत नाहीत, असं त्या नम्रपणे म्हणाल्या. अगदी याच शब्दांत आणि याच स्वरात सुयोगने गेली अठरा वर्षं माणसं घरी पाठवली होती. जिन्यात उतरताना त्याला त्यातले तीन-चार चेहरे आठवले, आणि सोमवारी त्यांच्यापैकी एकाला तरी फोन करावा असं वाटलं. सोमवारी विसरला.

पाचव्या खेपेनंतर त्याने भाऊंचं नाव काढलं. भाऊ त्या भागातले भावी नगरसेवक. गेली पंधरा वर्षं ते भावीच आहेत, पण त्यामुळे त्यांचा फोन उचलला जातो. भाऊंनी नाना आपल्याला वडिलांसारखे होते असं सांगितलं आणि नानांचं पूर्ण नाव विचारलं. काम झालं. दाखला दोन दिवसांत आला, आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यात भाऊ दोन्ही हात जोडून उभे होते, त्यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या ज्येष्ठ नागरिक विसावा प्रकल्पाची घोषणा होती, आणि खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे नाना होते. सुयोगने तो फ्लेक्स पाहून मान खाली घातली आणि दुसऱ्या रस्त्याने घरी गेला.

दाखला हातात घेऊन तो वळणावर टेप लावून मोजत होता तेव्हा महिपती भोईर घराच्या ओट्यावरून उठून आले. सत्तरीचा माणूस, अंगात बंडी, कानावर विडी. ही सोसायटी जिथे उभी आहे तिथे त्यांनी भात लावलेला. नानांचे ते जिवलग, त्यांची म्हैस आटली तेव्हा नानांनी तिला त्याच साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या होत्या. म्हैस काही सुधारली नाही, दोस्ती मात्र पक्की झाली. त्यांनी कागद हातात घेतला, शिक्का बघितला आणि परत दिला.

"पन ही जागा रस्त्याची कुठं हाय? इहीर आमची व्हती. सातबारा माझे नावावं हाय. महिनाभर बगतंय तुमाला मापं घेताना, मना कोनी इचारलाच नाय."

सुयोगने विचारलं की मग आधी का नाही बोललात. महिपतींनी खरं ते सांगितलं. त्यांना वाटलं रस्ता रुंद करतायत, आणि मापं घेणाऱ्या माणसाशी आपण होऊन बोलू नये हे ते तीन वेळा जमीन गेल्यावर शिकले होते. नानांसाठी बाक टाकायचं म्हणता, तर त्यात विचारायचं काय, टाका, असं म्हणून ते पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. महिनाभर खेपा घालून मिळवलेला दाखला सुयोगने घडी करून खिशात घातला. तो दाखला ज्या जागेचा नव्हता त्या जागेवर काम सुरू झालं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. चढावर टेम्पो दम टाकायला लागला तेव्हा ड्रायव्हरने साहीच्या साही बाकं सोसायटीच्या फाटकात उतरवली आणि निघून गेला. चौदा गाड्या आत अडकल्या. त्यात बर्व्यांची होती, त्यामुळे नानांबद्दलची हळहळ तासभर स्थगित झाली. मग ज्याचं त्याने न्यायचं ठरलं. उमाआत्याने भजनी मंडळाच्या टेम्पोतून संगीत अंबरनाथला नेलं. होमिओपॅथी भाऊंच्या माणसांनी उचललं आणि ते आता भाऊंच्या ऑफिसबाहेर आहे, त्यावर तासन्‌तास ताटकळलेली माणसं बसतात. घड्याळाचं बाक पार्किंगमध्ये ठेवलं, तिथे तेजलचीच स्कूटर त्यावर आपटली. ज्योतिष वॉचमनच्या केबिनशी गेलं. काडेपेटीसंग्रह दूध केंद्राच्या भिंतीला टेकवला, तिथे आता सोसायटीतले सगळे चोरून सिगारेट ओढणारे जमतात. एवढं एक बाक तरी योग्य ठिकाणी पडलं म्हणायचं.

उरलेलं निसर्गप्रेमी वळणावर. सुयोगने त्या दिवशी रजा घेतली होती. जुना कठडा आधी तोडायला लावला, कारण नव्या बाकाशेजारी तो गबाळा दिसत होता. मग बाक कशावर बसवायचं यावर त्याने आपलं सगळं ज्ञान ओतलं. कारखान्यात पंप बसवतात तसे चार अँकर बोल्ट, जमिनीत दीड फूट, वर लवकर आवळणारं खास सिमेंट. गवंडी म्हणाला साहेब, बाक आहे हे, टाकी नाही. सुयोग म्हणाला भूकंप झाला तरी हलता कामा नये. तोंड अर्थात चंदेरीच्या डोंगराकडे, पाठ सोसायटीकडे. संध्याकाळपर्यंत सिमेंट दगडासारखं झालं. सुयोगने बाकाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं, ते तसूभर हललं नाही, आणि कितीतरी दिवसांनी त्याला वडिलांसाठी काहीतरी धड केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्राद्ध झालं, पानं झाली, आणि संध्याकाळी पावणेसहाला सगळे वळणावर जमले. बाकावर नवी चादर घातली होती. भाऊ येऊन गेले, म्हणजे फोटो काढून गेले. बर्वे बोलले, उमाआत्या बोलली, तेजल बोलता बोलता खरंच रडली. अशी माणसं आता होत नाहीत, असं तिघांनीही सांगितलं, आणि तिघांच्याही आवाजात थोडी सुटका होती. मग सुयोगने चादर काढली आणि आईला हात धरून पुढे आणलं. नात सईने मोबाइल वर धरला.

मालिनीबाई बाकापाशी आल्या. बसल्या नाहीत. त्यांनी कठड्याची जागा शोधली, तिथे रेती होती. मग बाकाभोवती एक फेरी घातली.

"सुयोग, हे उलटं आहे."

सगळ्यांनी बाकाकडे बघितलं. बाक सरळ होतं. बर्व्यांनी पुढे होऊन समजावलं की काकू, समोर चंदेरी आहे, अख्ख्या बदलापुरात असा व्ह्यू नाही.

"चंदेरीला घेऊन काय करू मी? ती पेटी वाजवत होती का?"

मालिनीबाईंनी वळून सोसायटीच्या मागच्या बाजूकडे बोट केलं. झाडांच्या वरून तिसरा मजला दिसत होता, हॉलची खिडकी आणि तिला लागून गॅलरी.

"रोज सहाला ते पेटी काढायचे. घरात बसून ऐकली असती तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माहेरी गेले असते मी. सूर चुकला की तोच परत वाजवायचे, तसाच चुकीचा. मग मी दूध आणायला खाली उतरायचे आणि इथे बसायचे. इथपर्यंत चुका पोचायच्या नाहीत रे. एवढ्या लांबून ते फार छान वाजवायचे. आणि संपलं की गॅलरीतला दिवा लावायचे, म्हणजे ये आता वर. चाळीस वर्षांत कधी विचारलं नाही की दूध आणायला तास का लागतो."

सुयोगच्या डोक्यातलं ते फ्रेम केलेलं चित्र आवाज न करता खाली पडलं. त्याला आधी राग आला, आईचा नाही, स्वतःचाही नाही, त्या सहाच्या साच्याचा. मग लाज वाटली. दोन महिन्यांत त्याने तीन शहरांतून भाव काढले होते, पाच खेपा घातल्या होत्या, सेक्रेटरीपासून भावी नगरसेवकापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. हिने दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोनदा त्याने ते बंद केलं होतं.

"फिरवू," तो म्हणाला.

फिरवू म्हणणं सोपं होतं. बाक भूकंपात हलू नये म्हणून बसवलेलं होतं. बर्व्यांनी हात लावून पाहिला आणि कमरेला धरून बाजूला झाले. महिपती घरातून पहार घेऊन आले. सुयोगने शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दीड फूट खाली गेलेल्या एकेका बोल्टला शिव्या घालत स्वतःच्या हाताने उकरलं. तसल्या शिव्या त्याने कारखान्यातसुद्धा कधी कोणाला दिल्या नव्हत्या. दोन बोल्ट निघाले, दोन वाकवून तोडावे लागले. सव्वासातला बर्वे, वॉचमन, दूध केंद्रावरचे दोन धूम्रपानी, महिपती आणि सुयोग यांनी खांदा देऊन बाक उचललं आणि फिरवून मोकळ्या मातीवर नुसतं टेकवलं. खांदा द्यायची ही वर्षातली दुसरी वेळ, आणि या वेळी वजन जास्त होतं. बाक एका बाजूला कलंडत होतं. महिपतींनी पायाखाली फुटक्या कठड्याचा एक दगड सरकवला, मग स्थिरावलं.

मालिनीबाई बसल्या. निसर्गप्रेमी ही अक्षरं त्यांच्या पाठीमागे गेली आणि कोणालाच दिसेनाशी झाली. त्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकीत काही नव्हतं. उभ्या असलेल्यांना काय करावं कळेना. नानांची इतकी आठवण दिवसभर काढली होती की आता काढायला कोणाकडे काही शिल्लक नव्हतं.

सुयोग वर घराकडे निघाला. चिखलाच्या हातांनी त्याने लॅच उघडलं, हॉलमध्ये गेला, पेटीवरचं कापड काढलं आणि बसला. त्याला पेटी येत नव्हती. लहानपणी नानांनी शिकवायचा प्रयत्न केला तेव्हा परीक्षा आहे म्हणून त्याने टाळलं होतं आणि मग नानाही पुन्हा म्हणाले नव्हते. भाता एका बाजूने फाटला होता, त्याला नानांनी काडेपेटीच्या छापांचा कागद चिकटवला होता. सुयोगने एक पट्टी दाबली. मग दुसरी. दुसरी चुकली, म्हणून तीच परत दाबली. दहा-बारा मिनिटं त्याने जे काही केलं त्याला वाजवणं म्हणता येणार नाही. खालच्या मजल्यावर कोणीतरी खिडकी लावून घेतली.

मग तो उठला आणि त्याने गॅलरीतला दिवा लावला.

खाली वळणावर बर्वे विषय बदलायला काहीतरी शोधत होते. महिपती कानावरची विडी काढून दुसरीकडे बघत होते. दिवा लागला तशी मालिनीबाईंनी पदर सावरला आणि बाकाच्या हाताला धरून एकट्या उठल्या. कोणाचा हात घेतला नाही. चढ चढून, तीन जिने चढून दारात आल्या तेव्हा सुयोग अजून पेटीपाशी उभा होता, हात तसेच मातीचे.

"ऐकू आलं?" त्याने विचारलं.

"आलं की." त्यांनी चपला काढल्या, भिंतीला धरून दम घेतला. "बाक अजून बरंच मागे न्यावं लागेल, सुयोग. महिपतींची जागा संपेपर्यंत. बोल्ट लावू नकोस." आणि स्वयंपाकघरात जाता जाता वळून म्हणाल्या, "तोवर रजा काढ. उद्या सहाला मी तिथे बसते. उशीर करू नकोस, ते कधी करत नसत."